पहिले वाद्य : पेटी, तंबोरा आणि एका भेटीचा इतिहास

आमच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाच्या एका सहकारी प्राध्यापिकेने मध्यंतरी शिक्षककक्षात एक साधा प्रश्न विचारला. त्यांच्या भाचीला सातवे वर्ष लागणार होते. मुलगी दिवसभर गुणगुणत असते, तेव्हा यंदा तिला एखादे वाद्य भेट द्यावे असे त्यांच्या मनात होते. कोणते द्यावे? प्रश्न विचारून त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो खाली ठेवण्याआधीच तीन उत्तरे आली. एकाने पेटी सांगितली. दुसऱ्याने पेटीने मुलीचा कान बिघडेल, तंबोराच द्या, असे ठणकावले. तिसऱ्याच्या मते या दोन्ही गोष्टी आता कालबाह्य झाल्या असून ‘कॅसिओ’ आणणे उत्तम.

आम्ही मराठी भाषा आणि साहित्य शिकवणारी माणसे आहोत, वादक नव्हे. म्हणून त्या वादात आम्ही भाग घेतला नाही. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ही उत्तरे देणाऱ्यांना ती आपली खासगी मते वाटत होती. प्रत्यक्षात प्रत्येक उत्तरामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा वाद उभा होता. प्रस्तुत लेख त्या वादाविषयी आहे. दुकानात गेल्यावर काय पारखून घ्यावे, हे त्यात फारसे सापडणार नाही. लहान मुलाला वाद्य ‘भेट’ देता येते ही कल्पना आपल्याकडे केव्हा आणि कशी शक्य झाली, आणि ती सर्वांसाठी सारखीच शक्य झाली का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. भेटीच्या आधी

मुलांच्या हाती नाद करणारी वस्तू देण्याची रीत अर्थातच जुनी आहे. पाळण्यावरचा खुळखुळा, जत्रेतली पिपाणी, कागद मढवलेले टमटम वाजणारे मातीचे ढोलके, बांबूचा पावा ही सारी मुलांची हक्काची संपत्ती. पण ही खेळणी होती. जत्रेतून आणलेली पिपाणी आठवड्याभरात मोडावी आणि घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकावा, हे जणू गृहीतच असे. मुलाने पिपाणी वाजवली म्हणून तो पुढे सनई वाजवील, असे कोणी म्हणत नसे. कारण सनई कोणी वाजवायची हे आधीच ठरलेले होते.

आपल्या गावगाड्यात वाद्य हे व्यक्तीच्या आवडीचे नसून जन्माचे होते. संबळ गोंधळ्याची. देवळातला चौघडा, सनई, पखवाज यांच्याशी गुरवांचे नाते. हलगी मांगांकडे, सनई-सूर बऱ्याच ठिकाणी होलारांकडे. प्रदेशपरत्वे या वाटण्या बदलतात, परंतु वाटणी आहे हे तत्त्व बदलत नाही. त्या घरातल्या मुलाला वाद्य कोणी भेट देत नव्हते. ते खुंटीवर टांगलेले असे आणि हात पुरू लागला की त्याच्या गळ्यात येई. त्यात कौतुक नव्हते असे नाही. बापाचा ठेका मुलाने उचलला की बापाला आनंद होतच असणार. परंतु ते घेणे न घेणे मुलाच्या हाती नव्हते. लग्न, मिरवणूक, देवाची पालखी या प्रसंगी गावाने बोलावले की जायचे, आणि अनेकदा मांडवाच्या बाहेर उभे राहून वाजवायचे.

दुसऱ्या बाजूला, ज्या घरांत वाद्य वंशपरंपरेने येत नव्हते त्या घरांत ते आणणेही सोपे नव्हते. सारंगी आणि तबला यांचा संबंध कलावंतिणींच्या बैठकीशी जोडलेला. सनई मंगल खरी, पण तिचा मंगलपणा दाराबाहेरून ऐकण्याचा. कातड्याचे वाद्य बनवणाऱ्याचा विटाळ आणि त्याच वाद्यावरची देवाची आरती या दोन गोष्टी एकाच वेळी मान्य करणारा तो समाज होता. अशा स्थितीत एखाद्या कारकुनाने किंवा शिक्षकाने आपल्या सात वर्षांच्या मुलीला सारंगी आणून दिली असती, तर शेजारपाजाऱ्यांनी त्या भेटीचा काय अर्थ लावला असता, हे सांगण्याची गरज नाही.

या व्यवस्थेला एक महत्त्वाचा अपवाद होता आणि तो नोंदवला नाही तर चित्र अपुरे राहील. तो अपवाद म्हणजे वारकऱ्यांचा टाळ. दिंडीत चालणाऱ्या लहान मुलाच्या हाती टाळ देताना त्याचे कुळ विचारावे लागत नव्हते. टाळाला सूर जुळवावा लागत नाही, गुरूकडे वर्षानुवर्षे बसावे लागत नाही. लय मात्र सांभाळावी लागते, आणि तीही एकट्याची नव्हे, सगळ्यांची. मराठी मुलुखात ज्या वाद्याला जातीची मालकी सर्वांत कमी चिकटली, ते हे वाद्य म्हणावे लागेल. तरीही याच वारकऱ्यांच्या पंढरपुरात विठ्ठलमंदिराचे दार १९४७ सालापर्यंत सर्वांना खुले नव्हते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

२. कुळ नसलेली पेटी

अशा समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक लाकडी पेटी आली. पॅरिसमधील अलेक्झांडर दबें या कारागिराने १८४२ साली ‘हार्मोनियम’ या नावाने आपल्या वाद्याचा स्वामित्वहक्क घेतला. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवत वाजवायचे होते. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात पोचले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात त्याचे रूप बदलले. पाय काढून टाकले, भाता मागच्या बाजूस आणला आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला तो दिला. उजवा हात पट्ट्यांवर. युरोपीय संगीतात दोन्ही हातांनी एकाच वेळी अनेक स्वर वाजवण्याची गरज होती. आपल्या संगीताला एका वेळी एकच स्वर पुरत होता, म्हणून एक हात भात्यासाठी मोकळा करता आला. आपल्या बैठकीने आणि आपल्या गाण्याने परक्या वाद्याला दिलेला हा आकार आहे.

मराठी मुलुखात पेटीचा प्रसार झाला तो प्रामुख्याने संगीत नाटकाच्या काळात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, आणि १८८२ साली ‘सौभद्र’ आले. पुढच्या काही दशकांत पेटी, पायपेटी आणि ऑर्गन यांनी नाटकमंडळ्यांत आपले स्थान पक्के केले. त्याची कारणे व्यवहारातली होती. ध्वनिक्षेपक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, रात्रभर न उतरणारा सूर हवा होता. सारंगीच्या तारा हवेतल्या ओलाव्याने उतरतात, त्या पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात. पेटीचे सूर पितळेच्या पट्ट्यांत बसवलेले असल्याने ते एका प्रयोगात ढळत नाहीत. नाटकमंडळी गावोगाव फिरे, आणि पेटीही तिच्याबरोबर फिरे. लोकांनी नाट्यपदे ऐकली, ती घरी गुणगुणली, आणि ती वाजवता येतील असे वाद्य त्यांना हवेसे वाटू लागले.

पण आमच्या मते पेटी घरात शिरली याचे याहून मोठे कारण निराळे आहे. पेटीला कुळ नव्हते. ती कोणाची वंशपरंपरागत नव्हती. तिच्यासाठी गंडा बांधावा असे घराणे नव्हते, तिच्यावरून वादकाची जात ओळखू येत नव्हती, आणि कलावंतिणीच्या बैठकीची सावलीही तिच्यावर अजून दाट पडलेली नव्हती. सारंगीची जागा तिने घेतली त्यात सोयीबरोबर प्रतिष्ठेचाही भाग होता, हे संगीताचा सामाजिक इतिहास अभ्यासणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. गंमत अशी की, पेटीतही चामडे असतेच. हवा अडवणाऱ्या झडपांना आतून मऊ चामडे लावलेले असते. ते दिसत नाही, इतकेच.

याच सुमारास संगीतशिक्षणाच्या संस्था उभ्या राहत होत्या. १८७४ साली पुण्यात गायन समाजाची स्थापना झाली. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. शाळा म्हटली की वर्ग आला, वर्ग म्हटला की एकाच वेळी वीस-पंचवीस मुले आली, आणि त्या साऱ्यांना एका सुरात आणायला पेटीसारखे सोयीचे साधन नव्हते. स्वरलिपी छापता येऊ लागली. छापलेला ‘सा’ आणि पेटीवरची पट्टी यांची जुळणी एखाद्या मुलीला घरी बसून, उस्तादासमोर न बसताही करता येऊ लागली. पुढे लग्नाच्या बाजारात ‘मुलीला पेटीवर गाता येते’ हे वाक्य गुणवर्णनात दाखल झाले. त्या वाक्यात मुलींच्या शिक्षणाचे स्वातंत्र्य किती आणि पाहुण्यांसमोर बसवण्याची सोय किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण एवढे खरे की, त्या मुलीच्या आजीला हे वाद्य हाती धरता आले नसते, आणि नातीला ते वडिलांनी आणून दिले.

३. कानाचा प्रश्न

आता दुसऱ्या सहकाऱ्याच्या आक्षेपाकडे वळू. पेटीने कान बिघडतो, असे म्हणणारे नेमके काय म्हणतात?

पेटीच्या सप्तकात बारा स्वर असतात आणि आज प्रचलित असलेल्या पद्धतीत त्या बारांमधली अंतरे समान असतात. गळ्याने किंवा तारेवर लागणारे स्वर मात्र असे समान अंतरावर बसत नाहीत. नीट लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो. सामान्य श्रोत्याला हा फरक लगेच कळणार नाही. पण जो कान रोज एकच गंधार ऐकतो, त्याला तोच खरा वाटू लागतो. शिवाय मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात न तुटता घसरत जाणे, पेटीवर शक्य नाही. पट्टीवरून पट्टीवर उडी मारावी लागते. आक्षेपाचा गाभा एवढाच आहे आणि तो खोटा नाही.

हा आक्षेप दूर करण्याचा एक प्रयत्न आपल्याच मुलुखात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्यासह सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी श्रुतींनुसार स्वर देणाऱ्या पेटीचा पाठपुरावा केला. देवलांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न गाजला. श्रुतिपेटी मात्र घरोघरी गेली नाही. ज्या साधेपणामुळे पेटी लोकांची झाली, तोच साधेपणा या सुधारणेत हरवत होता. बारा पट्ट्या सात वर्षांच्या मुलीला पाठ होतात. त्यांत आणखी पट्ट्या घातल्या की ते वाद्य विद्वानांचे होते.

यानंतरचा अध्याय अधिक प्रसिद्ध आहे. ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स दिल्लीला रेडिओवर पाश्चात्य संगीताचे काम पाहत असत. १९३८ साली त्यांनी पेटीवर कडक टीका करणारा लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकूर यांनी रेडिओच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून आपला विरोध कळवला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्य आले, बंदी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण केसकर मराठीच. त्यांच्याही कारकिर्दीत ती उठली नाही. १९७१ पासून ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ या देशातील सर्वांत घरगुती वाद्य देशाच्या सर्वांत मोठ्या श्राव्य माध्यमातून हद्दपार होते.

या काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते विनोदकार म्हणून ठाऊक असतात. पण ते मनाने आणि हाताने पेटीवाले होते. अशा माणसाने रोज सकाळी ज्या इमारतीत जायचे तिथे त्याचे वाद्य मात्र जाऊ शकत नव्हते. आणि त्याच वर्षांत बाहेर काय चालले होते? गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे पेटी धरून या वाद्याला जे रूप दिले होते, त्याचा वारसा पी. मधुकर आणि पुढे गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर चालवत होते. पेटीला घराणे नव्हते म्हणून तिचे वादक गायकांकडे पाहत शिकले. मींड निघत नाही हे त्यांना आक्षेपकांइतकेच ठाऊक होते. म्हणून तर भात्याचा दाब, पट्टीवरून बोट उचलण्याची घटिका आणि कणस्वरांची पेरणी यांतून तुटलेपणा झाकण्याची कला त्यांनी घडवली.

या वादाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे आपली भाषाच सांगते. आज कट्टर तंबोरावाद्याला विचारा, तुमचा तंबोरा कोणत्या सुरात लावला आहे? तो म्हणेल, काळी एक. गायिका म्हणेल, काळी चार किंवा पांढरी पाच. तंबोऱ्यावर काळी पट्टीही नाही आणि पांढरीही नाही. पेटीला घराबाहेर काढणाऱ्यांच्या तोंडीही सुराचे नाव पेटीचेच राहिले.

४. कोणाचा कान?

कान बिघडण्याचा आक्षेप खरा असला तरी तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. तो करताना एकाच प्रकारचे मूल डोळ्यांसमोर असते: ज्याच्या घरी तंबोरा आणता येईल, तो लावून देणारे कोणी असेल, आणि स्वयंभू गंधार ऐकण्याइतकी शांत खोली असेल. पेटी या मुलाच्याच घरी गेली नाही. कोकणातल्या भजनी बुवांपुढे ती गेली. दशावताराच्या मांडवात पायपेटी होऊन गेली. सत्यशोधकी जलशांच्या परंपरेतून पुढे आलेल्या आंबेडकरी जलशांत ती गेली. भीमराव कर्डकांचे जलसे आणि नंतर वामनदादा कर्डकांच्या पिढीचे गायन यांनी जो समाज जागा केला, त्या समाजाच्या गायन पार्टीत मध्यभागी पेटी असे. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाचा शाहिरीचा काळही याच सुमाराचा.

आंबेडकरी जलशातली पेटी निव्वळ सोयीची नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचा प्रश्न विधेयकाद्वारे मांडला. गावकीची अपमानास्पद कामे नाकारण्याची जी चळवळ उभी राहिली, तिच्यात काही ठिकाणी वाजंत्रीचे कामही लोकांनी सोडून दिले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपवणारा कायदा १९५८ साली झाला. वाद्य खाली ठेवणे हा इथे मुक्तीचा अर्थ होता. पण माणसे गाण्यावाचून राहणार नव्हती. तेव्हा जे वाद्य गावाने आपल्या गळ्यात बांधलेले नाही, जे आपण होऊन घेतले आहे, असे वाद्य हवे होते. पेटी हे असे वाद्य होते. मध्यमवर्गीय घराला तिचे कुळ नसणे जितके सोयीचे वाटले, तितकेच, आणि अगदी निराळ्या कारणाने, ते इथेही मोलाचे ठरले.

एका प्रसंगाने हे आम्हांला शिकवले आणि तो सांगताना आम्हांला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात लोककलांचा कार्यक्रम बसवायचा होता. हलगी वाजवणारा हवा होता. आमच्यापैकी एकाने हजेरीपट पाहिला आणि एका विद्यार्थ्याला बोलावून, ‘तू वाजवशील ना?’ असे विचारले. त्याने आपल्याला हलगी येते असे कधीही सांगितले नव्हते. आम्ही आडनाव वाचले होते. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, मला पेटी येते. वडिलांनी आठवीत असताना आणून दिली. हलगी त्यांनी माळ्यावर ठेवली आहे.’ एवढेच बोलून तो वर्गात गेला. कार्यक्रमात तो पेटीवर बसला आणि हलगी आम्ही वगळली.

त्या वडिलांनी मुलाला दिलेली भेट पेटीची होती असे म्हणणे पुरेसे नाही. पेटी आणणे आणि हलगी माळ्यावर ठेवणे ही एकच कृती होती. आणि आम्ही, लोकसाहित्य शिकवणारी माणसे, परंपरेच्या प्रेमापोटी ती हलगी पुन्हा खाली काढायला निघालो होतो. तीच हलगी एखाद्या शहरी घरातल्या मुलाला छंद म्हणून आणून दिली, तर ती सुंदर भेट ठरेल. वाद्य एकच, ते नाकारण्याची मुभा ज्याला आहे त्याच्यासाठी ती भेट, ज्याला नाही त्याच्यासाठी ओझे. त्या विद्यार्थ्याने पुढे कधी आपणहून ती हलगी खाली काढली तर तो त्याचा हक्क. आम्ही सुचवण्याचा नव्हे.

५. घडवणारे हात

तंबोऱ्याविषयी बोलताना मिरजेविषयी बोलावेच लागते. तिथल्या तंतुवाद्यांची कीर्ती एकोणिसाव्या शतकापासूनची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील माणसे, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर वाद्यनिर्मितीकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव मानले जाते. सोलापूर-पंढरपूरकडच्या शेतांत पिकणारे मोठे भोपळे वाळवून, कापून, त्यांवर तबली बसवून हे तंबोरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराच्या घरातल्या मुलाला पहिली मिळते ती मात्र पटाशी, तंबोरा नव्हे. पेटीच्या बाबतीतही असेच. ज्या दुकानातून आपण ती घेतो तिथे ‘सूर पालिताण्याचे’ असे सांगतात. गुजरातेतल्या त्या गावी पितळेच्या पट्ट्या कानसणारे हात आपल्याला दिसत नाहीत.

लहान मुलासाठी तंबोऱ्याची अडचण आकाराची. पुरुषांचा तंबोरा सात वर्षांच्या मुलीपेक्षा उंच असतो. लहान तंबोऱ्या मिळतात, पण चार तारा जुळवणे आणि जवारी सांभाळणे त्या वयात अशक्यच. म्हणून तंबोरा ही मुलाला दिलेली भेट नसून, त्याच्या शेजारी बसण्याचे मोठ्यांनी दिलेले वचन आहे. कोणीतरी तो रोज लावून दिला पाहिजे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आता तर तो भ्रमणध्वनीत आला. त्यातून सूर सतत मिळतो. शेजारी बसणारे माणूस मिळत नाही.

‘कॅसिओ’ची कथा धाकटी. त्या कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० सालचा. मराठीत मात्र कोणत्याही कंपनीच्या असल्या वाद्याला ‘कॅसिओ’ म्हणण्याचा प्रघात पडला. जपानहून आलेले हे आपले पहिले वाद्य नव्हे. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी तयार केलेले ताइशोगोतो आपल्याकडे बुलबुलतरंग होऊन आले आणि कित्येक घरांत तेच मुलांचे पहिले वाद्य ठरले. कॅसिओला आम्ही नावे ठेवणार नाही. शंभर वर्षांपूर्वी पेटीला जी नावे ठेवली गेली तीच आज कॅसिओला ठेवली जातात, हे पाहिल्यावर सावध राहावेसे वाटते. तथापि एक फरक उरतो. पेटीचा सूर भात्यावर चालतो. हात थांबला की सूर विरतो, दाब कमी-अधिक झाला की सूर थरथरतो. सुराला श्वास लागतो हे मुलाला डाव्या हाताने कळते. कॅसिओवर बोट ठेवून मूल दुसरीकडे पाहू शकते.

६. शेवटी

त्या सहकारी बाईंना आम्ही हे सारे एका बैठकीत सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी भाचीला पुस्तक देण्याचे ठरवले असते. त्यांनी आग्रहच धरला तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो: तंबोऱ्याचा सूर घरात रोज थोडा वेळ वाजू द्या, तो यंत्रातला असला तरी चालेल, मुलीला आधी त्यात गाऊ द्या. गळ्याने स्वर शोधायची सवय लागली की मग पेटी द्या, म्हणजे पट्टीचा गंधार आणि आपला गंधार यांत काही निराळे आहे हे तिला केव्हातरी ऐकू येईल. आणि वर्षभराने तिने पेटीला हात लावायचे सोडले, तर रागावू नका. नको म्हणता येणे हाही त्या भेटीचा भाग आहे. आपल्याकडे तो फार थोड्या मुलांच्या वाट्याला आला.

बाईंनी अखेर एक वापरलेली पेटी घेतली. तीन सप्तकांची, एका खुंटीचा दोरा तुटलेली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, भाचीला आवडली का? त्या म्हणाल्या, वाजवली थोडीच. पण वरचे झाकण उघडून आतल्या पितळी पट्ट्या पाहत बसली, आणि यांतली कोणती पट्टी कोणता सूर बोलते ते एकेक दाबून शोधत राहिली. रात्री तिच्या आईने झाकण लावले. सकाळी उठून तिने ते पुन्हा उघडले होते.